डब्यातला पाला आणि दाण्यातली कीड

गव्हाच्या कोठीत कडुलिंबाचा पाला घातला होता, तरी श्रावणात सोंडे झालेच, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. त्यावर कुणी म्हणतं, पाल्याचं हे खूळच आहे, त्यानं काही होत नाही. कुणी म्हणतं, पाल्याचा दोष नाही, हल्लीचा गहूच तसला. दोन्ही म्हणणी अर्धवट आहेत. कडुलिंबात कीड रोखणारं द्रव्य आहे, यात शंका नाही. जगातल्या नामांकित प्रयोगशाळांनी त्याच्यामागे कित्येक दशकं घालवली. पण ते द्रव्य पाल्यात फारसं नसतं. आणि ज्या किडीला अडवायचं, ती बहुतेक वेळा पाला घालायच्या आधीच दाण्याच्या पोटात जाऊन बसलेली असते.

सोंड्याची मादी आपल्या लांबट तोंडानं गव्हाच्या किंवा तांदळाच्या दाण्याला बारीक भोक पाडते, आत एकच अंडं घालते आणि वरून चिकट स्राव सोडून भोक बुजवून टाकते. हे बूच इतकं बेमालूम बसतं की धान्य निवडणाऱ्या सराईत डोळ्यांनाही तो दाणा धडधाकटच वाटतो. आत अळी जन्मते, गर खात वाढते, तिथंच तिचा कोष होतो, आणि पुरता किडा झाल्यावरच ती दाणा पोखरून बाहेर येते. उबदार, दमट हवेत हे सगळं महिना-सव्वा महिन्यात आटोपतं. एक मादी आयुष्यात तीनशेच्या घरात अंडी घालते. एप्रिलमध्ये भरलेल्या पोत्यात असे पाच-पंचवीस दाणे असले, तर श्रावण-भाद्रपदापर्यंत त्यांच्या तीन-चार पिढ्या होऊन जातात. आपल्याला दिसतात ते सोंडे म्हणजे पहिल्या पाहुण्यांची पणतवंडं.

बरं, स्वयंपाकघरातली कीड एका जातीची नसते. गव्हा-तांदळात सोंडे, ज्यांना कुठे टोके म्हणतात, कुठे पोरकिडे. मूग, मटकी, चवळी, हरभरा यांत भुंगे. रव्यात, मैद्यात, जुन्या पिठात चपटे तांबडे भुंगेरे. आणि बरेच दिवस न हलवलेल्या तांदळात, रव्यात जाळी धरते ती एका राखाडी पतंगाच्या अळ्यांची. या प्रत्येकाची खाण्याची, अंडी घालण्याची तऱ्हा वेगळी. तांबड्या भुंगेऱ्याला अखंड दाणा फोडताच येत नाही. त्याला तुकडा, कणी, पीठ लागतं. म्हणून धान्य पाखडून, चाळून कणी वेगळी काढली की त्याचं अर्धं अन्न तिथंच संपतं. (हा प्राणी अंगातून क्विनोन नावाची रसायनं सोडतो. किडलेल्या पिठाचा तो विशिष्ट उग्र दर्प त्यामुळेच येतो, आणि असं पीठ कितीही चाळलं तरी पोळीला तो वास राहतो.)

कडधान्यातल्या भुंग्याची गोष्ट आणखी निराळी. तो बाहेरून येतो तो थेट शेतातून: शेंग उभी असतानाच मादी तिच्यावर अंडी घालते, आणि तिथून कीड खळ्यात, खळ्यातून कोठीत पोचते. साठवणीत ती अंडं दाण्याच्या गुळगुळीत सालीवर चिकटवते. मुगावर कधी टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके दिसले आहेत? ती या भुंग्याची अंडी. त्यातही फरक आहे. ताजं अंडं जवळजवळ पारदर्शक असतं, डोळ्यांना चटकन दिसत नाही. अळी अंड्याच्या तळातूनच थेट दाण्यात शिरते, बाहेरच्या हवेत क्षणभरही येत नाही, आणि पोखरलेला भुसा मागच्या रिकाम्या कवचात ढकलते. त्या भुशानं कवच पांढरं दिसू लागतं. म्हणजे ठिपका स्पष्ट पांढरा दिसला की समजावं, अळी आत गेली आहे. पुढं ती दाण्यात वाढते, बाहेर पडायची वेळ आली की सालीखाली एक गोल खिडकी कोरून ठेवते आणि ती ढकलून भुंगा बाहेर येतो. बाहेर आल्यावर तो दोन आठवडेही जगत नाही, आणि त्या काळात धान्याचा कणही खात नाही. जोडीदार शोधायचा, अंडी घालायची, मरायचं.

जो खातच नाही, त्याला कडू चव दाखवून काय उपयोग? इथंच घरगुती उपायांचा सगळा हिशेब उलगडतो. जुन्या घरांत गव्हाला पाला, तुरीला तेल आणि वाल-चवळीला राख अशी वाटणी होती, ती उगाच नव्हती. त्या बायकांना अळीचा जीवनक्रम कुणी शिकवला नव्हता, पण कोणत्या धान्यात काय चालतं हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलं होतं. आपण त्यातला फक्त पाला उचलला आणि सगळ्याच डब्यांत टाकला.

आधी कडुलिंबाचंच पाहू. 1959 साली सुदानमध्ये टोळधाड आली असताना हाइनरिख श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की टोळांनी आजूबाजूचं सगळं हिरवं फस्त केलं, पण कडुलिंबाची झाडं तशीच उभी आहेत. तीनच वर्षांनी, 1962 मध्ये, दिल्लीच्या पुसा इथल्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या बीतल्या गराचं पाणी पिकांवर फवारून पाहिलं. प्रमाण अगदी किरकोळ होतं, हजार भाग पाण्याला एक भाग गर. टोळ त्या पिकांवर बसले, पण त्यांनी ती खाल्ली नाहीत. याच संस्थेत 1965 साली एम. जी. जोतवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं साठवणीच्या गव्हावर प्रयोग केला: शंभर भाग बियाण्याच्या गव्हात एक ते दोन भाग निंबोळीच्या गराची भरड मिसळली. सोंडे, दाणे पोखरणारा बारीक भुंगेरा आणि खापरा भुंगेरा या तिघांपासून तो गहू नऊ महिन्यांपासून वर्षभरापर्यंत वाचला. हा निकाल मला फार मोलाचा वाटतो, कारण तो कोठीच्या प्रश्नाला सरळ भिडतो. त्यात दोन शब्दांकडे मात्र लक्ष हवं: बियाण्याचा गहू, आणि निंबोळीचा गर.

कडुलिंबातलं मुख्य किडरोधक द्रव्य म्हणजे अझाडिरॅक्टिन. 1968 मध्ये इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात ते पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं. त्याचा रेणू इतका गुंतागुंतीचा की त्याची नेमकी रचना निश्चित व्हायला 1985 उजाडलं, आणि केंब्रिजमध्ये स्टीव्हन ले यांच्या गटाला तो प्रयोगशाळेत तयार करायला बावीस वर्षं लागली. 2007 साली ते जमलं. कडुलिंबाचं झाड मात्र दर उन्हाळ्यात ते टोपल्यांनी तयार करतं. हे द्रव्य किड्याला लगेच मारत नाही. त्याची खाण्याची इच्छा मरते, आणि अळीच्या पोटात ते गेलं तर कात टाकण्याचं काम चालवणाऱ्या संप्रेरकाच्या व्यवहारात गडबड होते. अळी कात टाकायच्या अवस्थेत अडकते आणि मरते, किंवा विकृत, वांझ किडा होतो.

निंबोळीच्या गरात हे द्रव्य साधारण 0.2 ते 0.6 टक्के असतं. पानात त्याहून पुष्कळ कमी. पानाला वास आहे, इतर कडू द्रव्यं आहेत, नव्यानं येऊ पाहणारा किडा त्यानं थोडा बिचकतो, पण निंबोळीचं काम पान करू शकत नाही. मग घरोघरी पालाच का? कारण पिठात निंबोळीची भरड मिसळलेली पोळी कुणी खाणार नाही. पाला दळणाआधी वेचून टाकता येतो. घरात खायच्या धान्याला पाला आणि बियाण्याला निंबोळी, अशी ही तडजोड आहे. आता पाला घालायचाच तर सावलीत कुरकुरीत वाळवून. सावलीत यासाठी की अझाडिरॅक्टिन उन्हातल्या अतिनील किरणांनी लवकर नासतं आणि वासही उडतो. वाळवून यासाठी की ओलसर पाला धान्याला ओल देतो आणि बुरशीला आमंत्रण. झाडावरून तोडून तसाच डब्यात टाकलेला हिरवा पाला हे उपायाच्या नावाखाली केलेलं नुकसान आहे.

शेतकऱ्याला निंबोळी नवी नाही. 5 टक्के निंबोळी अर्क महाराष्ट्रात कपाशी-तुरीच्या शेतकऱ्याला तोंडपाठ असतो. जूनच्या सुमारास झाडाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडतो, तो गोळा करून, वरचा मऊ भाग धुऊन काढून, बिया सावलीत वाळवून ठेवल्या की बियाण्यासाठीही कामी येतात. जाता जाता एक आपल्याकडची गोष्ट सांगण्यासारखी. युरोपीय पेटंट कार्यालयानं 1994 साली कडुलिंबाच्या तेलापासून केलेल्या बुरशीनाशकाचं पेटंट अमेरिकेचं कृषी खातं आणि तिथली एक रसायन कंपनी यांना दिलं होतं. ते 2000 मध्ये रद्द झालं आणि 2005 मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. त्या सुनावणीत पुण्याच्या एका उद्योजकाची साक्ष कामी आली: पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतांवर 1985 आणि 1986 मध्येच अशा चाचण्या झाल्या होत्या.

आता तेल. तुरीच्या डाळीला, कधी गव्हालाही, एरंडेलाचा हात लावून ठेवण्याची रीत आपल्याकडे आहे, आणि घरगुती उपायांत माझा सगळ्यात जास्त विश्वास यावर आहे. भुंग्याचं अंडं श्वास घेतं. दाण्यावर तेलाचा पातळ थर असला की अंड्याला हवा मिळत नाही, आतला जीव घुसमटून मरतो. शिवाय तेलकट सालीवर अंडं नीट चिकटत नाही. हे काम मुख्यतः यांत्रिक आहे, त्यामुळे तेल कोणतंही चालतं. कोलंबियातल्या कॅली शहराजवळ आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्र आहे. तिथं घेवड्यावर सरकी, सोयाबीन, मका, पाम अशा साध्या खाद्यतेलांचे प्रयोग झाले आणि 1978 साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. किलोमागे 5 मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा तेल, घेवड्यातल्या भुंग्याला पुरेसं ठरलं. आपल्याकडच्या भुंग्यालाही साधारण हेच प्रमाण सुचवलं जातं. एरंडेलाचा फायदा असा, की ते दाट असल्यानं दाण्याला धरून राहतं आणि शेंगदाणा तेलासारखं लवकर खवट होत नाही. डाळ धुताना ते बरंचसं निघून जातं. तेल लावताना कंजुषी किंवा घाई केली, की काही दाणे कोरडे राहतात आणि भुंगा नेमके तेच शोधतो. परातीत घेऊन दोन्ही हातांनी चोळचोळ चोळावं लागतं, प्रत्येक दाणा चकाकेपर्यंत. जे आधीच दाण्यात शिरले आहेत त्यांना तेल अडवत नाही, म्हणून हे काम खळ्यावरून धान्य घरी आल्याबरोबर करायचं, ठिपके दिसल्यावर नव्हे.

याच भुंग्याला अखंड दाणा प्रिय असतो. डाळीच्या फाकेत अळीचा निभाव नीट लागत नाही. तूर भरडून डाळ करून ठेवली की कीड कमी, हा अनुभव त्यामुळेच खरा ठरतो.

राख आणि माती हा वनस्पतीचा उपाय म्हणावा की नाही, यावर वाद घालता येईल. राख शेवटी लाकडाची, गोवऱ्यांची, म्हणजे वनस्पतीचीच. कोकणात वाल राखेत घोळून ठेवत, देशावर कुठे कुठे तुरीला लाल माती चोळत. किड्याच्या अंगावर मेणाचा अतिशय पातळ थर असतो आणि तोच त्याच्या अंगातलं पाणी धरून ठेवतो. व्ही. बी. विगल्सवर्थ या ब्रिटिश शास्त्रज्ञानं 1945 मध्ये दाखवून दिलं, की बारीक खरखरीत भुकटीनं हा थर खरवडला गेला की किडा सुकून मरतो. राख आणखी एक काम करते: दाण्यांमधल्या फटी भरून टाकते, त्यामुळे मादीला एका दाण्यावरून दुसऱ्यावर फिरता येत नाही. पण इथं मूठभर राखेनं भागत नाही. कॅमेरूनमध्ये चवळीवर झालेल्या अभ्यासात चार मापं चवळीला निदान तीन मापं राख लागली, तेव्हा कुठे भुंग्याची वाढ थांबली. म्हणजे दाणे राखेत अक्षरशः पुरावे लागतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यानं एवढी राख आणायची कुठून, हा प्रश्न रास्त आहे.

वेखंड हे या यादीतलं सगळ्यात विलक्षण झाड. पाणथळ जागी उगवणारं, आल्यासारख्या गड्ड्याचं, उग्र वासाचं. पोथ्यांच्या दप्तरात, पुस्तकांच्या कपाटात, लोकरीच्या कपड्यांत वेखंडाचे तुकडे ठेवण्याची चाल जुनी. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी 1977 साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केलं, की वेखंडाच्या तेलातलं असारोन हे द्रव्य कीटकांना वांझ करतं. मादीच्या अंडाशयाची वाढ खुंटते. किडा जिवंत राहतो, फिरतो, पण त्याची पुढची पिढी येत नाही. कोठीसाठी याहून चांगलं काय हवं? अडचण अशी, की भारतात मिळणाऱ्या वेखंडात बीटा-असारोन भरपूर असतं, आणि उंदरांवरच्या प्रयोगांत त्यामुळे कर्करोग झाल्याचं आढळल्यावर अमेरिकेनं 1968 मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी घातली. तेव्हा वेखंडाची पूड तांदळात कालवण्याचा सल्ला मी देणार नाही. कापडाच्या पुरचुंडीत बांधून बियाण्याच्या डब्यात ठेवा, पुस्तकांत ठेवा. ज्याचा घास होणार आहे त्यात नको.

बाकीच्या पाल्या-बियांचं थोडक्यात सांगता येतं. निरगुडीचा वाळका पाला, तमालपत्र, लसणाच्या पाकळ्या, लवंगा हे सगळे वासाचे उपाय आहेत. त्यांच्यातली बाष्पशील तेलं किड्याला त्रास देतात, जास्त झाली तर मारतातही. पण ती उडून जातात. घट्ट झाकणाच्या डब्यात काही आठवडे, गोणपाटाच्या पोत्यात जेमतेम काही दिवस. वास आपल्या नाकाला येईनासा झाला की पाला बदलायचा, हा साधा नियम पुरतो. मिऱ्यांचा अर्क प्रयोगशाळेत कडधान्यातल्या भुंग्याला मारक ठरला आहे, पण डब्यात चार मिरे टाकणं म्हणजे अर्क नव्हे. सुक्या लाल मिरच्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. अख्खी मिरची आपला तिखटपणा हवेत सोडत नाही. सीताफळाच्या बिया खरोखर जालीम आहेत, त्यातली द्रव्यं किड्याच्या पेशींतली ऊर्जानिर्मितीच बंद पाडतात, पण ती पूड डोळ्यांत गेली तर इजा करते. स्वयंपाकघरात तिचं काम नाही. बिब्ब्याचंही तेच. कणगीत बिब्बे टाकण्याची रीत होती खरी, पण बिब्बा अंगावर उतला की काय होतं हे ज्यानं भोगलंय तो पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. करंजाचं तेल बियाण्याला उत्तम, खायच्या धान्याला फार कडू.

हळदीची गंमत मात्र सविस्तर सांगायला हवी. जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना इथं अमेरिकी कृषी खात्याची साठवणीतल्या किडींची प्रयोगशाळा होती. तिथं 1982 साली हळदीच्या गड्ड्यातून टरमेरोन हे द्रव्य वेगळं काढून दाखवण्यात आलं, की पिठातला तांबडा भुंगेरा त्यापासून दूर पळतो. म्हणजे तांदळाला हळद चोळण्याला आधार आहे. आणि तरीही गोदामातली हळद किडतेच. तिला पोखरतो तो तंबाखूचा भुंगेरा, जो मिरची, धणे, सुंठ, काय वाटेल ते खातो. निकोटीन पचवणाऱ्या या किड्याच्या आतड्यात यीस्टसारखी एक बुरशी कायमची वस्तीला असते, आणि ती अन्नातली विषारी द्रव्यं मोडून टाकायला त्याला मदत करते. एका किड्याला पळवणारं झाड दुसऱ्याचं जेवण असतं. तिखटाच्या बरणीत हिंगाचा खडा ठेवण्याची पद्धत बहुधा याच भुंगेऱ्यामुळे आली असावी.

मग हळदीचे व्यापारी हळद कशी टिकवत? सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथल्या मातीत खणलेल्या पेवांत हळद वर्षानुवर्षं न किडता राहत असे. पेव म्हणजे जमिनीतलं अरुंद तोंडाचं, पोटात फुगलेलं मोठं कोठार. हळद भरली की तोंड मातीनं बंद. आत ना पाला ना तेल. आतल्या जिवांच्या श्वासोच्छ्वासानं प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साचतो, आणि कीड वाढू शकत नाही. पेव उघडल्यावर कुणी लगेच आत उतरत नसे. तोंड उघडं ठेवून वाट पाहायची, कंदील सोडून बघायचा, ज्योत टिकली तरच माणूस आत. 2005 च्या महापुरात यातली बहुतेक पेवं निकामी झाली. 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तोवर हळद गोदामांत आणि शीतगृहांत गेली होती.

पेवात किडा नुसता गुदमरतो असं आपल्याला वाटतं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या लॅरी मरडॉक यांनी 2012 साली त्यात एक बारकावा दाखवला. कोरड्या दाण्यात राहणाऱ्या अळीला प्यायला पाणी नसतं. ती अन्नाचं प्राणवायूशी ज्वलन करून त्यातून पाणी मिळवते. प्राणवायू तुटला की तिचं पाणीही तुटतं. ती तहानेनं मरते. याच विद्यापीठानं आफ्रिकेतल्या चवळीसाठी तीन थरांची हवाबंद पोती काढली. आत कुठलंही औषध न घालता चवळी टिकते. शेणमातीनं लिंपलेली कणगी, तोंड लिंपलेला रांजण यांचं काम त्याच जातीचं, जरा ढोबळ हातानं केलेलं.

या सगळ्याच्या आधी ऊन. गव्हात ओल 12 टक्क्यांच्या आत असेल तर सोंड्यांची वाढ मंदावते, आणखी वाळला तर जवळजवळ थांबते. दाताखाली दाणा कट्‌कन तुटला पाहिजे, ही जुनी परीक्षा ओल मोजण्याच्या यंत्रापेक्षा फार मागे नाही. चवळीतला भुंगा अंडं, अळी, कोष, किडा अशा सगळ्या अवस्थांत 57 अंश सेल्सिअसला तासाभरात मरतो. नुसत्या गच्चीवरच्या चादरीवर धान्य तेवढं तापत नाही. बाहेरचे किडे पळून जातात, आतली अळी तगते. खाली काळा कागद, वर पारदर्शक प्लॅस्टिक आणि कडा दाबून बंद केल्या, तर मे महिन्याच्या दुपारी हे तापमान सहज गाठता येतं. वाळलेलं धान्य मात्र पूर्ण निवल्यावरच भरायचं. गरम भरलं तर झाकणाला पाणी सुटतं आणि केलेली मेहनत बुरशीच्या कामी येते.

वनस्पतींच्या उपायांना कंटाळून लोक ज्या गोष्टींकडे वळतात, त्यांबद्दल दोन शब्द. तांदळाला लावतात ती बोरिक पावडर म्हणजे कॅरमबोर्डवरची पावडर. धुऊन बरीचशी जाते, पण लहान मुलांच्या घरात ती नकोच. धान्यात ठेवायच्या पाऱ्याच्या टिकड्या तर घरातून हद्दपार कराव्यात; पाऱ्याची वाफ किड्याची अंडी मारते आणि तीच वाफ आपणही घेतो. गोदामात वापरायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात आणणं म्हणजे जिवाशी खेळ. हवेतल्या ओलीनं त्यातून सुटणारा फॉस्फिन वायू बंद खोलीत माणसं मारतो. शिवाय गोदामांतले तांबडे भुंगेरे आणि दाणे पोखरणारे भुंगेरे या वायूलाही आता पुष्कळ ठिकाणी सरावले आहेत.

वर्षाचं धान्य भरणारी घरं शहरांत कमी झाली. पाच किलो तांदूळ, दोन किलो रवा, एक किलो मूग असा महिन्याचा बाजार असतो, आणि कीड दुकानातूनच अंड्याच्या रूपात पिशवीत येते. अशा घराला सगळ्यात सोपं म्हणजे फ्रीजर. उणे 18 अंशांना चार दिवस ठेवलेला रवा किंवा मूग आतल्या अंड्या-अळ्यांसकट निर्धोक होतो. मग तो बंद पिशवीतच बाहेरच्या तापमानाला येऊ द्यायचा, म्हणजे दव दाण्यावर न धरता पिशवीवर धरतं. त्यानंतर कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात तमालपत्र टाका, सावलीत वाळवलेला कडुलिंब टाका. आता त्यांच्याकडून ज्या कामाची अपेक्षा आहे ते त्यांना झेपण्यासारखं आहे, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला बिचकवणं. आणि नवं धान्य जुन्यावर कधी ओतू नये. डब्याच्या तळाशी, झाकणाच्या वळणात, पिठाच्या चाळणीच्या कडेत चमचाभर जुनं पीठ अडकलेलं असतं, त्यात दहा-वीस अळ्या सुखानं नांदतात. डबा धुऊन, उन्हात कडक वाळवून मगच भरावा. चाळणीची कड दातांच्या जुन्या ब्रशानं साफ करावी.